पाण्याच्या चार पोथ्या

दीर्घकाळ गद्य वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्याला एक विशिष्ट चाल अंगवळणी पडलेली असते. ओळीच्या आरंभी जाऊन टेकायचे, शेवटापर्यंत सरकायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. या चालीत चित्र आले तर ते विसाव्यासारखे वाटते. गद्याचा वाचक चित्राकडे पाहतो, पण ते वाचत नाही. साठी ओलांडलेल्या, कादंबरी या वाङ्मयप्रकाराशी आयुष्यभर संबंध ठेवून असलेल्या एका वाचकाने अलीकडे लागोपाठ चार पुस्तके वाचली. त्यांपैकी दोन मराठी कादंबऱ्या होत्या आणि दोन इंग्रजी चित्रकादंबऱ्या, म्हणजे ज्यांना ‘ग्राफिक नॉव्हेल’ म्हटले जाते तशी पुस्तके. निवड योजनापूर्वक नव्हती. पण चौथे पुस्तक संपता संपता वाचकाच्या ध्यानात आले, की चारही पुस्तकांचा विषय एकच आहे : पाणी आणि त्यावरची सत्ता.

ही पुस्तके म्हणजे विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’, कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, ओरिजित सेन यांची ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी चितारलेली ‘भीमायन’. पहिली १९९१ची आणि पूर्वी वाचलेली, म्हणून तिचे हे पुनर्वाचन. ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४मध्ये ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणविषयक संस्थेने प्रसिद्ध केली, पुढे ती दीर्घकाळ दुर्मिळ झाली आणि २०२२मध्ये पुन्हा छापली गेली. ‘भीमायन’ २०११ची.

चित्रांतून कथा वाचणे मराठी माणसाला परके आहे, असे मानण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा पिढ्यान् पिढ्या सांभाळली. सुट्या कागदांवरील चित्रांचा जुडगा, त्याला म्हणायचे पोथी, एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरायचे आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान गायचे, असा हा प्रकार. तिथे चित्र शब्दाची सजावट करीत नाही. शब्द चित्राच्या आधाराने पुढे सरकतो, आणि एक चित्र खाली ठेवून दुसरे उचलण्याच्या मधल्या क्षणात श्रोत्याचे मन काम करते. आधुनिक चित्रकादंबरीत दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी असते, तिचे कार्य याहून फारसे वेगळे नाही. छापील पुस्तकांच्या काळात मात्र ही दृष्टी बालवाङ्मयाच्या कप्प्यात गेली. ‘चांदोबा’ची चित्रे आणि १९६७पासूनची ‘अमर चित्र कथा’ यांवर पिढ्या वाढल्या, आणि मोठे होणे म्हणजे चित्रे मागे टाकणे, असा एक समज नकळत रूढ झाला. या समजाची किंमत काय, हा प्रश्न या चार पुस्तकांच्या निमित्ताने पुढे येतो.

‘झाडाझडती’ पुन्हा वाचताना प्रथम जाणवतो तो तिचा विस्तार. धरणाखाली गाव जाणार म्हणजे नेमके काय होते, याचा हिशोब ही कादंबरी मांडते. नोटीस, मोजणी, पंचनामा, मोबदला, पर्यायी जमीन, त्या जमिनीवरचा आधीचा कब्जा, दलाल, कचेरीतील खेपा, या साऱ्याची एक दीर्घ साखळी तीत आहे. खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस या साखळीत अडकतो, तेव्हा त्याच्यावर एकच मोठा घाला पडत नाही. लहान लहान टोलवाटोलवींनी तो झिजत जातो. झिजण्याची ही प्रक्रिया दाखवायला पाने लागतात, आणि ती पाने वाचकाने सोसावी लागतात. अर्जामागून अर्ज वाचताना येणारा शीण हा या कादंबरीच्या आशयाचाच भाग आहे. कार्यालयीन भाषेचा एवढा भेदक उपयोग मराठी कादंबरीत क्वचित झाला असेल. ‘संपादन’, ‘बाधित’, ‘लाभक्षेत्र’ हे शब्द त्यांच्या कोरडेपणामुळेच क्रूर होतात.

या कादंबरीमागे महाराष्ट्राचा मोठा इतिहास उभा आहे. मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो १९२१मध्ये, आणि सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. साठच्या दशकात कोयनेचे पाणी अडले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात झाला तो १९७६मध्ये. मुळशीच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, कोयनेच्या विजेने राज्यभर दिवे लागले. मराठी वाचक ज्या दिव्याखाली ‘झाडाझडती’ वाचतो, त्या दिव्याचा आणि पुस्तकातील माणसांचा संबंध लांबचा नाही. पहिल्या वाचनात जो क्रोध केवळ कचेरीकडे वळला होता, तो पुनर्वाचनात काही अंशी वाचणाऱ्याच्या घराकडे वळतो. तीस वर्षांनंतरही पुस्तकात ही शक्ती शिल्लक आहे, ही त्याच्या थोरवीची एक खूण मानता येईल.

‘रिंगाण’ जणू या हिशोबाची वही मिटल्यानंतर सुरू होते. गाव उठले आहे, माणसे नव्या वसाहतीत आणून टाकली आहेत, नोंदी पुऱ्या झाल्या आहेत. मागे राहिली आहेत ती जनावरे. माणसाचा हात सुटल्यावर ती रानात राहून रानाचीच झाली आहेत. देवाप्पा आपली म्हैस परत आणण्यासाठी त्या जुन्या मुलखात जातो, आणि त्याच्यासमोर जे उभे राहते ते त्याच्या दावणीचे जनावर उरलेले नाही. कथानक म्हणून सांगायचे तर एवढेच. पण या एका शोधात विस्थापनाविषयी जे सांगितले गेले आहे, ते शंभर अर्जांतून सांगता आले नसते. सरकारने माणसांचे पुनर्वसन केले, असे मानले तरी माणूस आणि जनावर, जनावर आणि रान यांच्यामध्ये जी ओळख होती तिचे पुनर्वसन कोणत्या वसाहतीत करायचे? उठवलेल्या माणसाला परत येऊन पाहता येते, पण परत येता येत नाही, हे देवाप्पाला म्हशीच्या डोळ्यांत दिसते.

खोतांच्या निवेदनाची भाषा पन्हाळ्याच्या बाजूची आहे. रानाच्या वाटा, झाडोरा, जनावराच्या हालचाली यांसाठी तिच्यापाशी जे शब्द आहेत ते प्रमाण मराठीत सहजी सापडत नाहीत. वाचकाला काही ठिकाणी थांबावे लागते, ओळ पुन्हा वाचावी लागते. ‘झाडाझडती’ वाचकाला दमवते, ‘रिंगाण’ त्याला सावकाश करते. आणि येथेच चित्रकादंबरीकडे जाण्याची एक वाट तयार होते. कारण सावकाश होणे हीच त्या प्रकाराची पहिली अट आहे.

वरवर पाहता वस्तुस्थिती उलटी वाटते. चित्रकादंबरी तासाभरात संपते. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ या वाचकाने पहिल्यांदा एका बैठकीत वाचली आणि ती हातून निसटल्यासारखी वाटली. फुग्यांतील संवाद वाचून झाले, गोष्ट कळली, पाने उलटली गेली. दुसऱ्या वाचनात त्याने शब्द बाजूला ठेवून केवळ रेषा पाहिल्या, आणि तेव्हा पुस्तक उघडले. काळ्या-पांढऱ्या रेषांच्या या पुस्तकात दोन कथा शेजारी शेजारी वाहतात. एकीत दिल्लीचा तरुण पत्रकार विष्णू धरणाच्या वादाचा मागोवा घेत खोऱ्यात पोहोचतो. शहरातल्या घरकामाला आलेल्या रेलकू या आदिवासी स्त्रीची हकिकत त्याला ऐकायला मिळते. दुसरी कथा मलगू गायनाची आहे. तो सृष्टीच्या उत्पत्तीचे आख्यान गातो आणि त्याच्या वाद्यातून, त्याच्या गाण्यातून नदीच वाहू लागते. शहराच्या पानांवर चौकटी घट्ट, सरळ, कार्यालयीन आहेत. गायनाच्या पानांवर रेषा सैल होतात, वाकतात, पाण्यासारख्या चौकटीच्या कडा ओलांडतात. नदी अडवणे म्हणजे काय, हे हे पुस्तक वादविवादात सांगतेच, पण त्याआधी ते कागदावर घडवून दाखवते. दोन प्रकारच्या रेषांतील हा विरोध शब्दांत मांडायला कादंबरीकाराला निदान एक प्रकरण लागले असते. येथे तो एका दृष्टिक्षेपात येतो. मात्र तो दृष्टिक्षेप वाचकाने टाकायचा असतो, कारण चित्र त्याची सक्ती करीत नाही.

पुस्तकातील नदी रेवा आहे, म्हणजेच नर्मदा. महाराष्ट्राच्या वाचकाला ही कथा शेजारच्या राज्याची म्हणून दूर ठेवता येत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली. मणिबेली हे त्यांतले अगदी आरंभी बुडितात आलेले गाव, तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातले. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा संघर्ष ऐन भरात होता. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२मध्ये आला होता, १९९३मध्ये बँकेचे कर्ज थांबले होते. पुढे धरण पूर्ण उंचीला गेले आणि २०१७मध्ये त्याचे लोकार्पण झाले. या पुस्तकाला आज वाचताना शेवट ठाऊक असतो. पण मलगूचे गाणे शेवट ठाऊक असण्याने निष्प्रभ होत नाही. ‘रिंगाण’मधील देवाप्पा आणि हा गायन यांना शेजारी ठेवले, तर दोघेही एकच काम करीत आहेत असे दिसते. पाण्याखाली गेलेल्या मुलखाची आठवण एकजण म्हशीच्या मागावर फिरून जागी ठेवतो, दुसरा गाऊन.

‘भीमायन’मध्ये पाण्याचा प्रश्न उलट बाजूने येतो. पहिल्या तीन पुस्तकांत पाणी आलेले असते, येथे ते नाकारलेले असते. पुस्तकाचे तीन भाग आहेत : पाणी, निवारा आणि प्रवास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनाचा त्याला मुख्य आधार आहे, आणि श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांनी त्याची संहिता लिहिली आहे. ‘पाणी’ या भागात १९०१मधला मसूरचा प्रसंग आहे. लहानगा भीम आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे, गोरेगावला, निघतो. अंगावर नवे कपडे आहेत. स्टेशनवर न्यायला कोणी आलेले नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो, बैलगाडीवाले नकार देतात, शेवटी एकजण दुप्पट भाड्याला तयार होतो, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची या अटीवर. मुलांजवळ खाण्याचा डबा आहे, पाणी नाही. रात्रभर ते मिळत नाही, म्हणून डबाही तसाच राहतो. मूळ लेखनातला एक तपशील विसरता येण्यासारखा नाही : वडील गोरेगावला रोखपाल होते ते दुष्काळी कामावर, आणि ते काम तलाव खोदण्याचे होते. लोकांच्या पाण्यासाठी खोदल्या जाणाऱ्या तलावाच्या मजुरीचा हिशोब जो माणूस ठेवीत होता, त्याची मुले त्याच्याकडे जाताना वाटेत तहानेने व्याकूळ झाली होती.

आंबेडकरांनी हा प्रसंग अत्यंत कोरड्या, संयमित गद्यात सांगितला आहे. जिथे दुसऱ्याने आक्रोश केला असता तिथे ते भाड्याची रक्कम आणि प्रवासाचे तास सांगतात. अशा गद्याला चित्राची गरज काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात पुस्तक उघडण्यापूर्वीच होता. तो रास्तही होता. व्याम दांपत्य मध्य प्रदेशातील परधान गोंड परंपरेतले आहे. जनगढसिंग श्याम यांनी कागदावर आणि कॅनव्हासवर आणलेली ही चित्रशैली ठिपके, रेघा, पाने, पशुपक्षी यांनी गजबजलेली आणि डोळ्याला विलक्षण सुखावणारी. तहानेचे चित्र इतके सुंदर असावे काय? वेदनेचे नक्षीकाम होण्याचा धोका येथे आहे, आणि काही पानांवर तो खरोखरच जाणवतो. एखादे झाड, एखादा मोर क्षणभर नजर ओढून घेतो आणि मूळ प्रसंग मागे पडतो.

तरीही पुस्तक संपल्यावर जे उरते ते सौंदर्य नव्हे. याचे कारण त्याच्या घाटात आहे. व्याम यांनी चौकटी नाकारल्या. माणसांना डब्यात कोंडणे त्यांना मानवले नाही, त्यांना चित्र खुले हवे होते. घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’च्या वळणदार पट्ट्यांनी त्यांनी पान विभागले. ज्या माणसांना आयुष्यभर एका आखलेल्या मर्यादेत उभे केले गेले, त्यांची कथा चौकट मोडून सांगणे, हा केवळ शैलीचा निर्णय राहत नाही. संवादाच्या फुग्यांचेही तसेच. मृदू बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. गद्यात ‘तो तिरस्काराने म्हणाला’ असे लिहावे लागते, आणि ते क्रियाविशेषण वाचून वाचक पुढे जातो. येथे वाक्य वाचण्याआधी नांगी दिसते. अपमान कानावर पडण्यापूर्वीच अंगाला डसतो, हा ज्यांनी तो सोसला त्यांचा अनुभव आहे, आणि तो या फुग्याने जसा पोहोचवला आहे तसा पोहोचवणे गद्याला अवघड आहे. आगगाडी सापासारखी वळवळत येते, पाण्याच्या प्रसंगांत मासे अवतीभवती तरळतात. तहानलेल्या मुलाभोवती पाण्याचेच जीव असावेत, हा उपरोध लेखणीने केला असता तर कृत्रिम वाटला असता. रेषेत तो सहज बसतो.

मसूरच्या प्रसंगानंतर सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते याच भागात येते. ‘अमर चित्र कथा’नेही १९७९मध्ये आंबेडकरांचे चरित्र चित्रित केले होते. तिथे महापुरुषाच्या चरित्राची सरळ रेषा होती. ‘भीमायन’मध्ये जुन्या प्रसंगांच्या शेजारी अलीकडच्या अत्याचारांच्या बातम्या येतात, २००६मधल्या खैरलांजीपर्यंत. कथा सांगितली जाते ती एका शहरातल्या बसथांब्यावर, आरक्षणावर वैतागलेल्या एका तरुणाला. म्हणजे पुस्तकाचा श्रोता भक्त नाही, शंकेखोर आहे. हा श्रोता निवडणे ही या संहितेची सर्वांत धीट गोष्ट म्हणावी लागेल.

आता एक उणीव नोंदवली पाहिजे. दोन्ही चित्रकादंबऱ्यांची मूळ संहिता इंग्रजी आहे. रेलकू आपली हकिकत इंग्रजीत सांगते. मसूरच्या रस्त्यावर जे शब्द मराठीत फेकले गेले, ते मराठी वाचकाला इंग्रजीत वाचावे लागतात. आंबेडकरांचे मूळ लेखनही इंग्रजीत आहे, हे खरे. पण ते परक्या वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे समजावण्यासाठी हेतुपूर्वक त्या भाषेत लिहिलेले. त्या इंग्रजीच्या मागे वाचकाला दडलेले मराठी ऐकू येते. चित्रकादंबरीच्या फुग्यांत जागा थोडी असते, वाक्ये तोकडी होतात, आणि बोलीचा पोत सर्वांत आधी नाहीसा होतो. देवाप्पाच्या बोलीत जे रान आहे ते या फुग्यांत मावत नाही. रेषा जे देते त्याच्या बदल्यात ती हे घेते. दोन्ही वाङ्मयप्रकारांची तुलना करताना हा व्यवहार विसरता कामा नये.

चारही पुस्तके एकत्र ठेवल्यावर मात्र ही तुलना वेगळ्या पातळीवर जाते. एकीकडे उठवलेली माणसे आहेत, ज्यांच्या घरावर पाणी आले. दुसरीकडे तहानलेली मुले आहेत, ज्यांच्या ओठांपर्यंत ते येऊ दिले गेले नाही. वरकरणी हे परस्परविरुद्ध प्रसंग आहेत. पण दोन्हीकडे पाणी कुणी कुठे असावे हे ठरवणारा एक हात आहे, आणि ज्यांच्यासाठी तो ठरवतो त्यांना विचारण्याची पद्धत नाही. ‘झाडाझडती’ त्या हाताच्या हालचाली तपशीलवार नोंदवते, ‘रिंगाण’ तो हात निघून गेल्यावर उरलेल्या खुणा शोधते. दोन्ही चित्रकादंबऱ्या तो हात ज्याच्यावर पडला त्या देहाकडे आणि ज्या गाण्यातून तो देह घडला त्या गाण्याकडे बघायला लावतात. निर्णय कसा होतो हे कळायला गद्याची लांबी हवी. तो निर्णय अंगावर कसा येतो हे कळायला कधी कधी एक चित्र आणि त्यापुढे थांबलेला डोळा हवा. यांतले एकच जाणणारा वाचक दुःखाचा अर्धाच भाग जाणतो.

म्हणून चित्रकादंबरी बालविभागात ठेवायची की कलाविभागात, हा ग्रंथालयांपुढचा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा राहत नाही. ‘भीमायन’ बालविभागात गेले तर साहित्याचा विद्यार्थी तिथे फिरकत नाही, आणि कलाविभागात गेले तर त्याची चर्चा रंगरेषांपुरती होते. ही पुस्तके ‘झाडाझडती’च्या आणि ‘रिंगाण’च्या फळीवर हवीत. विद्यार्थ्याने आधी आंबेडकरांचे ते थोडक्या पानांचे गद्य वाचावे, मग व्याम यांचे मसूरचे पान समोर ठेवावे आणि फुगे न वाचता ते पाहावे. त्यानंतर धरणग्रस्तांची कादंबरी उघडावी. मसूरच्या रस्त्यावर न उघडलेल्या डब्याशेजारी बसलेली ती मुले आणि कचेरीच्या व्हरांड्यात अर्ज घेऊन बसलेला धरणग्रस्त ही एकाच देशाच्या एकाच शतकातील माणसे आहेत. ती एका फळीवर येईपर्यंत त्यांचे नाते दिसत नाही.